बिजलीची की पेट्रोलची?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या मंडल कचेरीत चंपतराव एकवीस वर्षं मिसली, म्हणजे दाव्यांच्या फायली, हाताळत होते. त्यांच्या हुद्द्याचं नाव सरकारनं तीनदा बदललं, पण गावातली जुनी माणसं त्यांना अजून पेशकारच म्हणत आणि चंपतरावांना ते आवडे. "दोनी बाजू आयकल्याबिगर मी घरी चहा घ्यायचा का दूध, थेबी ठरवत नाई!" असं ते छाती काढून सांगत. ते खोटं नव्हतं. त्यांचा सकाळचा चहा नेहमी गार झालेला असे.

त्या वर्षी माघ महिन्यात त्यांच्या बायकोचे, सोजरबाईंचे, गुडघे धरले. आदिलाबादच्या डॉक्टरनं खाली बसायचं नाही, वाकायचं नाही असं सांगितलं. आता सोजरबाईंचं अंगण म्हणजे तीस बाय वीस फूट शहाबादी फरशी, आणि वर भलंमोठं कडूनिंबाचं झाड. त्या झाडावर बगळ्यांचं अख्खं मंडल मुख्यालय होतं. रात्रभर त्यांचं कामकाज चाले आणि सकाळी सगळा निकाल फरशीवर! लग्न झाल्यापासून सोजरबाई रोज बादलीनं पाणी टाकून, खराट्यानं घासून ते अंगण धूत आल्या होत्या.

चंपतरावांनी तीन दिवस खराटा हाती घेतला. चौथ्या दिवशी त्यांची कंबर अशी धरली की कचेरीत त्यांनी साहेबांना बसल्याबसल्याच नमस्कार केला. त्याच दुपारी त्यांना हायवेवर पाहिलेलं लॉरी धुण्याचं दुकान आठवलं. एक माणूस बंदुकीसारखी नळी धरून उभा होता आणि नागपूरपासून चाकाला चिकटून आलेला चिखल पापुद्र्यासारखा गळत होता.

घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "आयकलं का! पाडव्यापासून तुले अंगणात वाकाचं काम नाई. मशीन आणतो!"

"शेवयाची?" सोजरबाईंनी विचारलं.

"पाण्याची! प्रेशरची!"

"पाणी तं बादलीतूनबी पडते."

"पडते, पण मारत नाई! हे पाणी मारते!"

सोजरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि भाजीला फोडणी दिली. माणूस मनापासून बोलतोय हे त्यांना कळलं होतं. म्हणूनच त्यांना थोडी भीती वाटली.

आदिलाबादच्या मशिनींच्या दुकानाचा शेठ मोठा गोड माणूस होता. "पेशकार साब, दो आयटम हैं. एक बिजली का, एक पेट्रोल का."

"अच्छा कौनसा?"

"दोनों अच्छा."

चंपतराव गांगरले. दोन्ही बाजूंचा साक्षीदार एकच माणूस असलेली मिसल त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती!

त्यांनी घरी रीतसर मिसल उघडली. भुऱ्या कव्हरात कोरे कागद घातले, लाल फीत बांधली आणि जबान्या घ्यायला सुरुवात केली. पहिली जबानी बिजली खात्याच्या लाइनमनची, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या राजन्नाची. राजन्नाची मायबोली तेलुगू. मराठी तो बोले, पण मधूनमधून त्याची गाडी रुळावरून उतरे.

"सार, बिजलीच घ्या. बटन दाबलं, पानी चालू. धूर लेदु, आवाज लेदु, काईच नाई. लहान पोरगीबी चालवते."

दुसरी जबानी ट्रॅक्टरवाल्या मारोतरावांची. "बिजली? आपल्या बोथात? अवो पेशकार, बल्ब लावला तं तो पेटला का नाई हे पाहाले कंदील घिऊन जा लागते! पेट्रोलची घ्या. रस्सी वढली का वाघ! तारेचं लफडं नाई, खात्याची मिनतवारी नाई. पाह्यजे तिथं न्या."

चंपतरावांनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं. बिजलीची हलकी, पण तारेइतकीच लांब जाणार. शिवाय ओल्या फरशीवर करंट. पेट्रोलची जोरदार, पण वजनाला म्हशीच्या पारडाएवढी. शिवाय धूर आणि पेट्रोलसाठी हायवेच्या पंपापर्यंत सायकल. दोन्हींत दम होता, दोन्हींत खोट होती. त्यांनी आणखी माहिती मागवली. आणखी जबान्या घेतल्या. पंधरा दिवस गेले आणि अंगण रोज सोजरबाईच धूत राहिल्या.

"तुमची मिसल जाड होऊन राह्यली," त्या एक दिवस म्हणाल्या, "अन् माहा गुडघाबी."

हे वाक्य चंपतरावांना लागलं. दुसऱ्याच दिवशी ते शेठकडे गेले. शेठनं तोड काढली, "दोनों ले जाओ साब. चलाके देखो. सोमवार को एक वापस कर दो."

शुक्रवारी संध्याकाळी मारोतरावांच्या ट्रॉलीतून दोन्ही मशिनी अंगणात उतरल्या. बिजलीची निळी, पेट्रोलची लाल. गल्ली बघायला जमली. समोरच्या घरातून दादाजीही आले.

दादाजी म्हणजे रिटायर झालेले मास्तर. बायको गेलेली, एक मुलगा हैदराबादला, एक नागपूरला. आठ फुटांची गल्ली ओलांडली की त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच पडून होत्या. गावातलं पोस्ट ऑफिस जागा शोधत होतं आणि दादाजींनी अर्ज दिला होता. सोमवारी सकाळी पोस्टाचे इन्स्पेक्टर जागा बघायला येणार होते. दादाजींनी त्यासाठी समोरची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरीशुभ्र करून घेतली होती.

"घर चांगलं दिसलं पायजे," ते चंपतरावांना म्हणाले. "पोस्ट आलं का दिवसभर दारात माणसं येतीन. पत्र लिहून द्या मनतीन, फारम भरून द्या मनतीन. नाई तं सकाळपासून त्या भितीवरच्या घडीसंगंच बोलून राह्यलो मी."

"दादाजी, जागा तुमचीच मंजूर!" चंपतराव म्हणाले, जणू पोस्ट खातं त्यांच्याच टेबलाला जोडलेलं होतं.

दुसरा शनिवार होता, कचेरीला सुट्टी. सकाळी नऊला बिजलीच्या मशीनची परीक्षा सुरू झाली. राजन्नानं मीटरच्या बोर्डावरून जाड वायर ओढली, सिमेंटच्या हौदात नळी सोडली आणि बटण दाबलं.

मशीन "हूंऽऽ" म्हणाली आणि तशीच हूं हूं करत राहिली. नवी नवरी उखाणा घेताना करते तसं.

"व्होल्टेज तक्कुवा सार," राजन्ना म्हणाला. "कमी हाय. घरातलं सगळं बंद करा."

घरात चालू एकच पंखा होता, तो बंद केला. मग राजन्ना कोपऱ्यावरच्या डी.पी.कडे गेला, तिथं काय केलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि परत येऊन बटण दाबलं. मशीन फिरली! बंदुकीतून पाण्याची अशी धार सुटली की बगळ्यांचा दहा वर्षांपूर्वीचा निकालसुद्धा फरशी सोडून पळाला. खालून निळसर करडा दगड वर आला. आपली फरशी या रंगाची आहे हे चंपतराव विसरूनच गेले होते.

"पाह्यलं का!" ते ओरडले.

सोजरबाई खरोखर बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी हात धुवायला हौदाचा नळ धरला आणि "अगं आई!" करून सोडला.

"काय झालं?"

"मुंग्या आल्या हातात!"

"गुडघ्याच्या असतीन."

"गुडघ्याच्या मुंग्या हाताले कायच्या येतात?"

एवढ्यात कोपऱ्यावर "फाट्ट" असा आवाज झाला. मशीन थांबली. गल्लीतले रेडिओ थांबले. आणि सर्वांत वाईट म्हणजे चक्की थांबली. होळी चार दिवसांवर आलेली, पुरणपोळीचा गहू अर्धा दळलेला! पाचच मिनिटांत डबे घेतलेल्या चौदा बाया चंपतरावांच्या फाटकात उभ्या राहिल्या. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. चंपतराव पुढे म्हणत, कलेक्टर साहेबांची तपासणी परवडली.

राजन्ना खांबावर चढला तो दुपारी दोनला उतरला. "बिजलीचं काई चुकलं नाई सार," तो घाम पुसत म्हणाला. "अर्थिंग पायजे. वेगळी लाइन पायजे. अन् चक्की बंद असन तवा चालवा लागते."

चंपतरावांनी मिसलीवर शेरा मारला: बिजली, ना-मंजूर.

रविवारी पेट्रोलची पाळी. सकाळी दहा वाजता दादाजीच खुर्ची टाकून आपल्या ओट्यावर बसले होते.

"चंपतराव, एक इनंती हाय," ते म्हणाले. "काल रात्री मारोतचा ट्रॅक्टर गेला तं माह्या भितीच्या खालतं चिखल उडला. तुमची मशीन हायेच, तं एक हलकासा फवारा मारून द्या."

"हलकासा? चकाचक करून देतो!"

चुन्याची भिंत आणि लॉरी यांत फरक असतो, एवढं त्या क्षणी चंपतरावांच्या मनात आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मनात येण्यासाठी शांतता लागते आणि मारोतरावांनी रस्सी ओढली होती!

काय तो आवाज! बगळे एकगठ्ठा उडाले आणि थेट तळ्याच्या दिशेनं गेले. दादाजींची शेळी दावं तोडून घरात शिरली. शेजारच्या घरातलं बाळ रडतंय हे फक्त त्याचं तोंड बघून कळत होतं. निळा धूर गल्लीत भरला. चंपतरावांनी फाटकात उभं राहून बंदूक धरली, घोडा दाबला आणि दोन पावलं मागे ढकलले गेले. धार भिंतीवर गेली. चिखल निघाला. त्याच्यामागून चुना निघाला. त्याच्यामागून पूर्वीचा चुना निघाला, आणि दादाजींच्या वडिलांच्या काळातली पिवळी माती दिसू लागली!

दादाजी उभे राहून दोन्ही हात हलवू लागले. चंपतरावांना वाटलं, शाबासकी देतायत. त्यांनी आणखी जोर लावला.

तेवढ्यात धार बारीक झाली. हौद आटला होता; शनिवारी अर्धा गेला, आज उरलेला. चंपतरावांनी मागे वळून हौदाशी नळी धरून उभ्या असलेल्या राजन्नाला खूण केली: नळी ड्रममध्ये टाक!

निंबाखाली दोन ड्रम होते. एकात नळाचं पाणी. दुसऱ्यात सोजरबाईंनी होळीसाठी केलेला रंग. उटनूरच्या रस्त्यावरून पोतंभर पळसाची फुलं आणली होती, चुलीवर उकळली होती, लुगड्यातून गाळली होती आणि वर ताट झाकून ठेवलं होतं. अख्ख्या गल्लीचा रंग त्यात होता. राजन्नानं हातवारे करून विचारलं, हा का तो? चंपतरावांनी हातवारे करून सांगितलं, कोणताही टाक पण लवकर टाक. राजन्नानं जवळचा ड्रम निवडला.

सोजरबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होत्या. त्या ओरडल्या, "थांबा! थो नोको!"

"काय?"

"थांऽऽबा! नोऽऽको!"

"थांबू नोका मन्ते!" चंपतराव आनंदानं राजन्नाला ओरडले आणि घोडा दाबला.

पळसाचा रंग दिसायला फार सुंदर असतो. फाल्गुनात आदिलाबादच्या जंगलाला आग लागल्यासारखी दिसते ती त्याच्यामुळेच. आता ती आग दादाजींच्या भिंतीला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दारावर, खिडकीवर, आणि भिंत वाचवायला मधे आलेल्या दादाजींच्या धोतरावर. बंदूक सोडावी तर ती सापासारखी उसळेल या भीतीनं चंपतरावांनी ती दोन्ही हातांनी घट्ट आवळली आणि घट्ट आवळल्यामुळे घोडा दाबलेलाच राहिला. शेवटी मारोतरावांनी इंजिन बंद केलं.

एकदम शांतता झाली. नुसती भिंत ठिबकत होती.

"चंपतराव," दादाजी म्हणाले. त्यांच्या मिशांतून केशरी थेंब पडत होते. "उद्या सकाळी साहेब येनार हाय."

एवढंच बोलून ते आत गेले आणि दार लावलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर चंपतरावांना बरं वाटलं असतं.

भिंत ज्यानं रंगवली होती तो मिस्तरी नार्नूरला लग्नाला गेलेला, मंगळवारी परतणार. तेव्हा चंपतरावांनी स्वतःच चुना कालवला, जुनी बनियन घातली, डोक्याला फडकं बांधलं आणि कुंचला घेऊन शिडीवर चढले. पहिला हात पूर्ण दिला, खाली उतरून पाहिलं, तर भिंत मघापेक्षा जास्त केशरी!

"हे काऊन असं होऊन राह्यलं?" ते रडकुंडीला आले.

"पळसाच्या रंगात चुना टाकला का तो पक्का होते," सोजरबाई म्हणाल्या. "लेकराले ठावं हाय. रंग उठावा म्हून आमी चिमूटभर टाकतोच. तुमी तं घमेलंभर दिला."

"मंग आंधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगत होती. तुमची मशीन बोलून राह्यली होती."

रविवारचा दिवस संपेपर्यंत चंपतरावांनी तीन हात दिले. सोमवारी कचेरीत दिवसभराच्या रजेचा अर्ज पाठवून सकाळी सहाला ते चौथ्या हाताला लागले. या खेपेला सोजरबाईंनी चुन्यात नीळ घालून दिली. नऊपर्यंत भिंत केशरीवरून बदामी रंगावर आली. शिडीवर चंपतराव, नखशिखांत चुन्यानं माखलेले. भुवया पांढऱ्या, कान केशरी. त्याच वेळी खाली सायकल थांबली.

"ए मिस्तरी! मास्टर साब का घर यही क्या?"

पोस्टाचे इन्स्पेक्टर! चंपतरावांच्या हातातला कुंचला थबकला. आपण कोण हे सांगावं की नाही? सांगितलं तर आपण इथे का, हेही सांगावं लागणार. मग सगळीच मिसल उघडणार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन बाजू न ऐकता निर्णय घेतला.

"जी साब. यहीच."

इन्स्पेक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम लोग सच बोलते. मालिक तो सब अच्छाच बोलेगा. बारिश में टपकता क्या?"

कचेरीत असा प्रश्न आला असता तर चंपतराव म्हणाले असते, अर्ज करा, पाहणी होईल. इथं शिडीवर त्यांच्याकडे ना शिक्का होता, ना टेबल. "सामने रहता मैं, बरसों से," ते म्हणाले. "एक थेंब नहीं टपका, साब. दो साल पहले पूर आया था ना, पूरी गल्ली का सामान इसी घर में रखे थे."

"और मालिक? झगड़ालू तो नहीं?"

चंपतरावांनी भिंतीकडे पाहिलं. "साब, कल मेरे हाथ से उनकी पूरी दीवार खराब हुई. कोई दूसरा होता तो मेरेकू शिडी के साथ गाड़ देता. ये आदमी चुपचाप अंदर चला गया. उसके दरवाजे पे लोगां आना चाहिए, साब. आदमी लोगां में रहनेवाला है."

खिडकीच्या आत काहीतरी हललं. मग दार उघडलं आणि दादाजी बाहेर आले. धुतलेलं धोतर, पण मिशा अजून थोड्या केशरी. त्यांनी इन्स्पेक्टरांना नमस्कार केला, खोल्या दाखवल्या, आणि बाहेर येताना हातात चहाचे तीन कप आणले. तिसरा त्यांनी शिडीवर वर दिला.

"मास्टर साब, तुम्हारा मिस्तरी अच्छा आदमी है," इन्स्पेक्टर म्हणाले.

चंपतरावांनी आशेनं खाली पाहिलं. आता दादाजी खरं सांगतील, सगळे हसतील आणि आपण शिडीवरून उतरू. दादाजींनी चहाचा एक घोट घेतला.

"हाव साहेब," ते शांतपणे म्हणाले. "आदमी अच्छा है. उसके हात में बस मशीन मत देना."

जागा मंजूर झाली. बदामी रंग पोस्टाला चालतो, मळत नाही, असं इन्स्पेक्टर जाताना म्हणून गेले.

दुपारी शेठचा माणूस एक मशीन परत न्यायला आला. चंपतराव दोन्ही मशिनींच्या मधे उभे राहिले आणि मिसल चाळू लागले. सोजरबाईंनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

"लाल न्या," त्या म्हणाल्या.

"अवो, पण बिजली आपण ना-मंजूर केली होती! डी.पी. उडाली, चक्की बंद पडली, तुले मुंग्या आल्या!"

"राजन्ना अर्थिंग करून देतो मनते. चक्की आठले सुरू होते, मी सातले धुवीन."

"पेट्रोलचा जोर जास्त हाय, मारोतराव मन्ते."

"मले अंगण धुवाचं हाय, खोदाचं नाई. अन् निळीचा आवाज कमी हाय. मी ओरडली तं तुमाले आयकू येते."

या मुद्द्यावर मिसलीत एकही जबानी नव्हती. लाल मशीन गेली. राजन्नानं दोन दिवसांत जमिनीत तांब्याची पट्टी पुरून वेगळी लाइन दिली. पाडव्याच्या सकाळी सोजरबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर टॉवेल घेतला, बंदूक धरली आणि बसल्याबसल्या दहा मिनिटांत अख्खी फरशी धुऊन काढली. चंपतरावांना फक्त नळी सरकवायचं काम दिलं होतं. होळीला गल्लीला रंग मिळाला नव्हता खरा, पण बायांनी तो विषय मनावर घेतला नाही. दादाजींच्या भिंतीकडे बघून त्या तशाच हसत होत्या.

पोस्ट सुरू होऊन महिना झाला असेल. एक दिवस कचेरीत चंपतराव खुर्चीत बसून फूटपट्टीनं कागदावर समास आखत होते. दारात सायकलची घंटी वाजली आणि इन्स्पेक्टर साहेब आत आले. त्यांना पोस्टाच्या जागेच्या नकाशाची नक्कल हवी होती. टेबलाशी येऊन ते थांबले, डोळे बारीक केले.

"अरे, मिस्तरी! इधर का काम भी तुमकोच मिला क्या?"

बाजूच्या टेबलावरचे सगळे कारकून एकदम वर बघू लागले. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर शिडीवरून दिलेली साक्ष खोटी ठरते की खरी? दादाजींच्या जागेचं काय होईल? दोन्ही बाजूंना दम होता.

"जी साब," ते उठत म्हणाले. "अभी सिरफ नाप ले रहा."

आणि टेबलावरची फूटपट्टी उचलून ते भिंतीकडे गेले.

इन्स्पेक्टर रिकाम्या खुर्चीसमोर बसले. "ये पेशकार कब आते?"

"आतेच होंगे, साब," भिंतीकडे तोंड करून चंपतराव म्हणाले, आणि कोपऱ्यापासून मोजायला लागले.